पोट घट्ट होतंय... थांबायचं की निघायचं?

जुलैमधली रात्र होती आणि पाऊस धरून होता. अडीचच्या सुमारास वावरकडून एक जीप रुग्णालयाच्या दारात येऊन थांबली. जीपमधून एकोणीस-वीस वर्षांची पहिलटकरीण उतरली, सोबत नवरा, सासू आणि आशाताई. आवणीहून घरी आल्यापासून पोट दगडासारखे होतेय आणि मग आपोआप सुटतेय, एवढीच तक्रार. कार्डावर एकतिसावा आठवडा. तपासले तर गर्भाशयाचे तोंड बंद होते, पाणी गेले नव्हते, रक्त नव्हते, बाळाचे ठोके उत्तम होते. लघवी तपासायला पाठवली, तिला दोन-तीन पेले पाणी पाजले आणि कुशीवर झोपवून पोटावर हात ठेवून बसलो. पहाटेपर्यंत पोट आवळणे जवळपास थांबले आणि ती झोपीही गेली.

सकाळी सासूबाई हिशेब करत होत्या. "उगाच आणली बाई हिला. जीपवाल्यानं पैसे घेतले ते घेतलेच."

उगाच आणली नव्हती. हे मी त्यांना सांगितले, पण बाकावर बसलेल्या दमलेल्या माणसाला पाच मिनिटांत पटेल अशी ही गोष्ट नाही. म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

गर्भाशय म्हणजे स्नायूंची पिशवी. स्नायू म्हटला की तो आवळणार आणि सैल पडणार. प्रसूतीच्या बऱ्याच आधीपासून, साधारण चौथ्या-पाचव्या महिन्यापासून, ही पिशवी अधूनमधून आवळत असते. सुरुवातीला ते जाणवत नाही. सातव्या महिन्यानंतर जाणवू लागते. जॉन ब्रॅक्स्टन हिक्स या इंग्रज डॉक्टरने १८७२ मध्ये याचे वर्णन केले, म्हणून पुस्तकांत या आवळण्याला त्याचे नाव आहे. आपल्याकडच्या बायका 'खोट्या कळा' म्हणतात. मला हा शब्द फारसा आवडत नाही, कारण पोट घट्ट होते ते खरेच होते. खोटे एवढेच, की त्याने गर्भाशयाचे तोंड उघडत नाही.

पहिलटकरणीची अडचण वेगळी असते. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बाईला कळ म्हणजे काय हे ठाऊक असते. पहिल्या खेपेला तुलना करायलाच काही नसते. बाळाने पाय ताणला तरी तिला पोट आवळले असे वाटते, आणि खरी कळ आली तर ती गॅस समजते. यातले पहिले ओळखणे सोपे आहे. पोटाच्या एकाच बाजूला उंचवटा आला आणि सरकला, तर ती बाळाची टाच किंवा कुल्ला. सगळे पोट एकसारखे, चहूबाजूंनी घट्ट झाले, तर ते गर्भाशयाचे आवळणे.

आता सरावाच्या कळा आणि वेळेआधीच्या खऱ्या कळा यांतला फरक. सरावाच्या कळांना ताल नसतो. एक आली, मग वीस मिनिटे काही नाही, मग पाच मिनिटांत दुसरी, मग दोन तास शांत. जोर वाढत जात नाही. बहुधा पोटाच्या पुढच्या भागातच जाणवतात. उन्हातान्हात काम केल्यावर, पाणी कमी प्यायल्यावर, लघवी तुंबवल्यावर किंवा संबंधानंतर जास्त येतात आणि पाणी पिऊन, लघवीला जाऊन, कूस बदलून पडले की विरतात. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये अशा बायका जास्त येतात. पावसाळ्यात धो धो पाऊस घेणाऱ्या या तालुक्यांत उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी डोंगर उतरावा लागतो, आणि तो हंडा पुष्कळदा गरोदर बाईच्याच डोक्यावर असतो. पाणी ती वाहते सगळ्यांसाठी, पिते मात्र सगळ्यांत शेवटी.

खऱ्या कळा तालात येतात. दहा मिनिटांनी, मग आठ, मग सहा. प्रत्येक कळ आधीच्यापेक्षा लांब आणि घट्ट. झोपले तरी थांबत नाहीत. घट्टपणा मोजायला आम्ही परिचारिकांना एक जुनी खूण शिकवतो, ती घरीही चालते. कळ आली की पोटाच्या वरच्या भागावर बोटे टेकवा. नाकाच्या शेंड्याइतके मऊसर लागले तर कळ हलकी, हनुवटीसारखे लागले तर मध्यम, कपाळासारखे टणक लागले तर जोरदार.

पण वेळेआधीच्या कळा नेहमी पोटात येतातच असे नाही, आणि इथेच मी स्वतः फसले आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत, दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात असताना, आठव्या महिन्यातली एक बाई आली. कंबर भरून येतेय, खाली ओढ लागल्यासारखे होतेय, पाळीच्या वेळी दुखते तसे दुखतेय, असे ती म्हणत होती. मी पोटावर दोन मिनिटे हात ठेवला. काही लागले नाही. "अजून दिवस भरले नाहीत, कामाने कंबर धरली असेल," म्हणून घरी पाठवले. दुसऱ्या रात्री ती आली ती बाळ पदरात गुंडाळूनच. वाटेत जन्मलेले, छाती आत ओढून श्वास घेणारे बाळ. ते राहिले नाही. दहा मिनिटांनी येणारी कळ दोन मिनिटांच्या हाताला कशी सापडावी? त्या दिवसापासून मी गरोदर बाईच्या पोटावर हात ठेवताना घड्याळाकडे बघते.

म्हणून ३७ आठवडे पूर्ण व्हायच्या आत ही लक्षणे कमी लेखू नका: कंबरेतून निघून पुढे येणारी, येऊन-जाऊन दुखणारी कळ, ओटीपोटात जडपणा, बाळ खाली दाबतेय असे वाटणे, पाळीसारखे दुखणे, कधी सोबत जुलाब, अंगावरून जाणे अचानक वाढणे, ते पाण्यासारखे, शेंबडासारखे किंवा लालसर होणे.

घरी काय करायचे? पेलाभर-दोन पेले पाणी प्या, लघवीला जाऊन या, डाव्या कुशीवर पडा आणि मोबाइल जवळ ठेवून तासभर मोजा. प्रत्येक वेळी पोट घट्ट होताना वेळ बघायची, सासूने किंवा नवऱ्याने लिहून ठेवायची. तासात चार किंवा अधिक वेळा घट्ट झाले तर निघायचे. चारापेक्षा कमी, आणि कमी होत चालले, तर विश्रांती घ्या आणि सकाळी आशाताईला सांगा. पाणी गेले, रक्त दिसले, ताप आला, बाळाची हालचाल कमी झाली किंवा पोट घट्ट झाले ते सैलच होईना, तर मात्र मोजत बसू नका. लगेच निघा.

शहरातल्या बाईला हे एवढे पुरते. जव्हार-मोखाड्यात त्यात अंतर मिळवावे लागते. ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर सातव्या महिन्यात जुळी बाळे घरीच जन्मली आणि दोन्ही गेली. रक्तस्राव होणाऱ्या आईला डोलीत घालून सुमारे तीन किलोमीटर चालत न्यावे लागले, कारण पाड्याला रस्ता नव्हता. त्यावर तेव्हा पुष्कळ लिहिले, बोलले गेले. रस्ता हवाच, त्याला पर्याय नाही. पण रस्ता होईपर्यंत ज्या घरातून डोलीने निघावे लागते, त्या घराने तास मोजून झाल्यावर माणसे गोळा करायला सुरुवात करू नये. मोजणे सुरू केले की त्याच वेळी आशाताईला फोन, आणि १०८ किंवा १०२ ला फोन. कळा थांबल्या तर गाडी नको म्हणून सांगता येते.

एवढी घाई कशाला, असे विचारणारे भेटतात. कळा थांबवणारे औषध तुमच्याकडे असेलच ना? आहे, पण त्याने फार तर एक-दोन दिवस मिळतात. ते दिवस मोलाचे आहेत ते दुसऱ्या एका इंजेक्शनासाठी. ३४ आठवड्यांच्या आत जन्मणाऱ्या बाळाची फुप्फुसे कच्ची असतात. हवेच्या बारीक पिशव्या उघड्या ठेवणारा द्रव पुरेसा तयार झालेला नसतो. न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ मध्ये दाखवले, की आईला स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले तर पोटातल्या बाळाची फुप्फुसे लवकर तयार होतात. आपल्याकडे त्यासाठी डेक्सामेथासोन वापरतात. दर १२ तासांनी एक, अशी चार इंजेक्शने. औषध अगदी स्वस्त आहे. केंद्र सरकारच्या २०१४ च्या सूचनांनुसार २४ ते ३४ आठवड्यांच्या बाईला मोठ्या रुग्णालयात पाठवण्याआधी पहिले इंजेक्शन एएनएम सिस्टरही देऊ शकतात. पण त्याचा पुरता गुण यायला साधारण एक दिवस लागतो. बाई बाळाचे डोके दिसू लागल्यावर आली, तर ते स्वस्त औषध कपाटातच राहते.

हे इंजेक्शन सरसकट टोचायचे नाही, हेही सांगायला हवे. भारतासह सहा देशांतल्या एका मोठ्या अभ्यासात, २०१५ मध्ये, गावपातळीवर त्याचा वापर वाढवल्यावर बाळांचे मृत्यू कमी होण्याऐवजी थोडे वाढलेले दिसले. इंजेक्शन मिळालेल्या पुष्कळ बायका प्रत्यक्षात वेळेवर बाळंत झाल्या होत्या. पुढे २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात, यातही भारत होता, रुग्णालयात, आठवडे नीट मोजून आणि बाळाची काळजी घेण्याची सोय असताना हेच औषध दिले, तेव्हा मृत्यू स्पष्टपणे कमी झाले. म्हणजे सगळे येऊन अडते ते दोन गोष्टींवर: कळा खऱ्या आहेत का, आणि आठवडा कितवा.

आठवड्याचा घोळ आमच्याकडे मोठा आहे. शेवटची पाळी कधी आली विचारले, की उत्तर येते, "बोहाड्याच्या आधी," किंवा "भात कापून झालं तेव्हा". मला त्याची तक्रार नाही, बोहाडा कोणत्या गावात कधी झाला हे विचारून मी तारीख काढते. पण दिवाळीनंतर कुटुंब वीटभट्टीवर गेले की गरोदरपणाचे पहिले महिने तिथेच जातात, आणि बाई आमच्याकडे येते ती सहा-सात महिन्यांची होऊन. तारीख ठरवायला पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी सगळ्यांत भरवशाची. भिवंडीला असा की वसईला, पाळी चुकली की जवळच्या सरकारी दवाखान्यात नाव घाला आणि कार्ड कपड्यांच्या गाठोड्यातच ठेवा.

आणखी एक समजूत. "सातव्याचं जगतं, आठव्याचं नाही," असे अजून म्हणतात. मी प्रशिक्षित लोकांच्या तोंडूनही ऐकले आहे. हे साफ चूक आहे. पोटात काढलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या बाजूने असतो. आठव्या महिन्यात कळा आल्या म्हणून "आता काय उपयोग" म्हणत घरी बसलेली माणसे पाहिली, की मला या एका वाक्याचा फार राग येतो.

वावर-वांगणी ही नावे महाराष्ट्राला माहीत झाली १९९२-९३ मधल्या बालमृत्यूंमुळे. तेव्हा बोलणे झाले ते भुकेचे, आणि ते बरोबरच होते. पण भूक बाळाच्या ताटापासून सुरू होत नाही. कमी वयात लग्न, अंगात रक्त कमी, दोन बाळांत पुरेसे अंतर नाही, लघवीचा जंतुसंसर्ग, मशेरी: यांनी दिवस भरण्याआधी कळा येण्याचा धोका वाढतो. लघवीतल्या संसर्गाला कधी कधी जळजळही नसते, म्हणून तपासणी करायची. त्या जुलैतल्या मुलीच्या लघवीत पू होता. सरावाच्या कळा म्हणून आली आणि एक संसर्ग सापडला, त्याचे औषध तिने पूर्ण घेतले. पोट दुखते म्हणून दुकानातली वेदनाशामक गोळी किंवा कुणी दिलेला काढा मात्र अशा वेळी घेऊ नका. शेवटच्या तीन महिन्यांत काही वेदनाशामक गोळ्या बाळाच्या हृदयाला त्रासदायक ठरतात.

आता माझ्या सहकाऱ्यांसाठी दोन शब्द. वेळेआधी कळा येतात म्हणून दाखल झालेल्या बायकांपैकी साधारण निम्म्या पुढे पूर्ण दिवस भरून बाळंत होतात. आमच्या हातात सोनोग्राफी असून, गर्भाशयाचे तोंड तपासून आम्हाला पहिल्या तासात नक्की सांगता येत नाही. मग रात्री चिखल तुडवत आलेल्या बाईला "एवढंही कळत नाही का?" असे कोणत्या तोंडाने विचारायचे? असे एकदा ऐकलेली बाई पुढच्या वेळी घरीच थांबते. पाड्यावरच्या बाकीच्या बायकाही थांबतात, कारण ही गोष्ट विहिरीवर सगळ्यांना कळलेली असते.

जीपच्या पैशांचे सासूबाईंचे म्हणणे खोटे नव्हते. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात घरून रुग्णालयात आणायला आणि बाळंतपणानंतर घरी सोडायला गाडी मोफत आहे. कळा थांबून सकाळी परत निघालेल्या बाईला मात्र पुष्कळदा खासगी जीपच बघावी लागते. मोलमजुरी करणाऱ्या घरात अशी एक फेरी म्हणजे मजुरी बुडते ती वेगळीच. याचा विचार व्हायला हवा.

ती मुलगी नंतर आणखी दोनदा आली. दोन्ही वेळा कळा विरल्या. दुसऱ्या वेळी तिच्या नवऱ्याने बिडीच्या पाकिटाच्या कागदावर वेळा लिहून आणल्या होत्या: ८.१०, ८.२५, ८.३२, ९.०५. तासात चार. आशाताईने सांगितल्याप्रमाणे निघालो, म्हणाला. दिवस भरत आले तेव्हा तिला आरोग्य केंद्राच्या माहेरघरात आधीच आणून ठेवले. अडतिसाव्या आठवड्यात मुलगी झाली, अडीच किलोची. सासूबाई तिला मांडीवर घेऊन बसल्या होत्या, आणि या खेपेला परतीची गाडी सरकारी होती.