वाफसा

मृगाचा पाऊस दोन दिवस चांगला झाला. तिसऱ्या दिवशी ऊन पडले. भाड्याचा ट्रॅक्टर गावात आला होता. मुलगा म्हणाला, "आबा, आजच सोयाबीन पेरून घेऊ. उद्या ट्रॅक्टर दुसऱ्या गावाला जाईल."

आबा बांधावरून रानात उतरले. चार पावले गेले. जोड्याला शेरभर चिखल चिकटला. "रान अजून वाफशावर नाही. थांब जरा."

मुलगा चिडला. कोणाचे बरोबर? ते कळायला आपली माती ओळखली पाहिजे.

नांदेड-लातूरकडची माती काळ्या खडकाची झाली आहे. बालाघाटच्या डोंगरावर, अहमदपूर, कंधार, मुखेडकडे ती पुष्कळ ठिकाणी उथळ. टीचभर माती, खाली मुरूम. गोदावरी-मांजरेच्या काठी मात्र खोल, भारी जमीन. तिच्यात निम्म्याच्या आसपास चिकणमाती असते. चिकणमातीचा कण केवढा? एका मिलिमीटरचे ५०० भाग करा. त्यातल्या एका भागाहूनही तो लहान! पापडांची चळत असते ना, तसे त्याचे थर असतात. थरांत पाणी शिरले की कण फुगतो. पाणी गेले की आकसतो. म्हणून तर उन्हाळ्यात रानाला भेगा पडतात. हात घातला तर कोपरापर्यंत आत जातो.

पहिला पाऊस या भेगांतून भराभर खाली जातो. मग माती फुगते, भेगा मिटतात. हैदराबादजवळ पाटनचेरू येथे इक्रिसॅट ही शेती-संशोधनाची संस्था आहे. तिथे हे मोजून पाहिले. कोरड्या काळ्या रानात पहिल्या अर्ध्या तासात पाणी ताशी सुमारे ७५ मिलिमीटर वेगाने मुरले. रान पुरते भिजल्यावर तोच वेग ताशी पाव मिलिमीटरच्याही खाली आला! म्हणजे पुढचा पाऊस मुरत नाही. तो वाहतो आणि माती घेऊन ओढ्याला जातो.

आता अशा ओल्या रानात ट्रॅक्टर घातला तर? मातीच्या रव्यांमध्ये बारीक पोकळ्या असतात. त्यांत काही पाणी, काही हवा असली म्हणजे वाफसा. चाकाखाली त्या दबून जातात. फाळाखाली घट्ट थर बसतो. मुळी तिथे अडते. वर ढेकळे वाळून दगड होतात. बी कुजते. दुबार पेरणी करायची तर बियाण्याचे पैसे पुन्हा आणायचे कुठून?

वाफसा असा पाहा. चार बोटे खोलची मूठभर माती घ्या. दाबून लाडू करा. कमरेइतक्या उंचीवरून सोडा. चपटा होऊन बसला, तर रान ओले आहे. फुटून मोकळा झाला, तर औत घाला. लाडू वळलाच नाही, तर ओल उडाली.

मुलाचे म्हणणेही अगदी खोटे नव्हते, बरे का. भारी रानाला वाफसा उशिरा येतो आणि कडक ऊन पडले तर लवकर जातो. आबांनी ट्रॅक्टरवाल्याला गाठले. "माळाची रानं हलकी. तिथं वाफसा आलाय. ती आधी पेर. काळीकडं मागून ये."

त्यालाही ते पटले. चिखलात रुतून डिझेल जाळायची हौस कोणाला असते?

परवा सकाळी मुलानेच लाडू केला आणि सोडला. तो फुटला. दुपारी पेरणी झाली. चार-चार ओळींचे रुंद वरंबे, मध्ये सऱ्या, त्याही उताराला आडव्या. जादा पाणी आता सरीतून सावकाश जाईल.