लिनक्सची नवी आवृत्ती : घ्यावी की थांबावे?

ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. ज्या संगणकांवर विंडोज ११ चालत नाही, ते भंगारात द्यायचे की लिनक्स बसवून वापरायचे, हा प्रश्न तेव्हापासून अनेक घरांत आणि मंडळांच्या कार्यालयांत निघतो. लिनक्स बसवले की काही महिन्यांनी पडद्यावर सूचना येते, ‘नवी आवृत्ती उपलब्ध आहे.’ मग सभासद विचारतात, नवी म्हणजे चांगलीच ना?

याचे सरळ ‘हो’ असे उत्तर देता येत नाही. २०११ साली उबुंटूने आपला नेहमीचा पडदा बदलून ‘युनिटी’ नावाची नवी मांडणी आणली. सवयीचे मेनू गेल्यामुळे बरेच जण नाराज झाले. २०१७ मध्ये उबुंटूनेच युनिटी सोडून पुन्हा ‘ग्नोम’ स्वीकारले. म्हणजे सहा वर्षे जे ‘नवे’ म्हणून चालवले, ते शेवटी मागे घ्यावे लागले.

सुरक्षेतही नवे नेहमी सरस ठरत नाही. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरमधला ‘हार्टब्लीड’ हा गंभीर दोष उघड झाला. तो २०१२ मध्ये आलेल्या १.०.१ या मालिकेत शिरला होता. त्यामुळे तेव्हाच्या नव्या डेबियन ७ ला धोका होता, पण त्याआधीच्या डेबियन ६ ला नव्हता. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या लहानशा प्रणालीत कोणीतरी मुद्दाम चोरवाट घुसवल्याचे आढळले. ती फक्त अगदी ताज्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत होती. डेबियनची स्थिर आवृत्ती वापरणारे त्यातून सुटले.

मग जुनेच धरून बसावे का? तेही नाही. ‘डर्टी काऊ’ हा दोष २००७ पासून लिनक्सच्या गाभ्यात होता. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यावर दुरुस्ती आली. ज्यांच्या आवृत्तीचा सपोर्ट तोवर संपला होता, त्यांच्यापर्यंत ती आपोआप पोचली नाही. मराठीपुरते उदाहरण द्यायचे तर ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे २००८ मध्ये आले. त्याआधीच्या फाँटवर ‘ॲड.’ किंवा ‘ॲप’ लिहिले, की अक्षराच्या जागी चौकोन दिसू शकतो.

तेव्हा ‘नवी की जुनी’ यापेक्षा ‘सांभाळली जाणारी की सोडून दिलेली’ हे पाहणे महत्त्वाचे. जुन्या वाड्याची कौले दर पावसाळ्यापूर्वी शाकारली, तर तो गळत नाही. डेबियनची स्थिर आवृत्ती अशीच चालते. त्यातल्या सॉफ्टवेअरचे क्रमांक जुने राहतात, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या त्या जुन्या क्रमांकातच भरल्या जातात. क्रमांक पाहून ‘हे जुनाट आहे’ असे म्हणणे म्हणून चुकीचे ठरते.

उबुंटूचा क्रमांक म्हणजे वर्ष आणि महिना. २४.०४ म्हणजे एप्रिल २०२४. सम वर्षांच्या एप्रिलमधील आवृत्त्या ‘एलटीएस’ म्हणजे दीर्घ मुदतीच्या असतात. त्यांना ५ वर्षे नियमित सपोर्ट मिळतो. मधल्या आवृत्त्यांना फक्त ९ महिने. सभासदांची यादी, वर्गणी आणि देणग्यांच्या नोंदी ज्या संगणकावर आहेत, त्यावर एलटीएसच असावी. मधल्या आवृत्त्या हौशी मंडळींनी खुशाल वापराव्यात.

यंत्राची ताकदही बघावी लागते. उबुंटू २४.०४ ला किमान ४ जीबी रॅम लागते. २ जीबीच्या संगणकावर ती ओढूनताणून चालवण्यापेक्षा ‘एक्सएफसीई’सारखी हलकी मांडणी बरी. ३२-बिटच्या जुन्या यंत्रांवर तर डेबियन १३ बसवताच येत नाही.

आवृत्ती बदलण्यापूर्वी एवढे करावे :

१. सध्याच्या आवृत्तीचा सपोर्ट कधी संपतो ते पाहावे. मुदत बाकी असेल आणि काम नीट चालत असेल, तर घाई नको. मात्र नेहमीचे अपडेट कधीही टाळू नयेत.

२. मुदत संपत आली असेल, तर महत्त्वाच्या फायलींची प्रत वेगळ्या डिस्कवर काढावी आणि ती उघडते का, हेही पाहावे.

३. नवी आवृत्ती आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघावी. वायफाय, आवाज, प्रिंटर आणि मराठी टंकलेखन जमले, तरच ती बसवावी.

४. एलटीएस वापरणाऱ्यांनी नव्या एलटीएसचे पहिले काही महिने जाऊ द्यावेत. सुरुवातीच्या चुका तोवर दुरुस्त होतात.

सपोर्ट संपलेली आवृत्ती कितीही सवयीची असली, तरी इंटरनेटला जोडलेल्या संगणकावर ठेवू नये. बँकेचे व्यवहार त्याच संगणकावरून होत असतील, तर मुळीच नाही.