व्होल्टेज उतरते तेव्हा

गेवराई तालुक्यातल्या तलवाड्यात विहिरीवरची मोटार सुरू झाली की घरातला दिवा क्षणभर मंदावतो. सुरू होताना मोटार जास्त प्रवाह ओढते आणि तारेच्या रोधामुळे थोडे व्होल्टेज वाटेतच खर्ची पडते. व्हॉल्व्हच्या जुन्या गिटार अ‍ॅम्प्लिफायरमध्येही हेच घडते. तार जोरात छेडली की पॉवर व्हॉल्व्ह जादा प्रवाह मागतात, रेक्टिफायर व्हॉल्व्हच्या रोधामुळे पुरवठा उतरतो आणि आघात दबतो. मग व्होल्टेज सावरते, सूर फुलल्यासारखा वाटतो. वादक याला ‘सॅग’ म्हणतात.

घरी केलेल्या डिस्टॉर्शन पेडलमध्ये हे आणायला ९ व्होल्टचे ६ करणे पुरत नाही. एका ट्रान्झिस्टरचे साधे सर्किट जवळपास सारखाच प्रवाह घेते. व्होल्टेज कमी होते, पण वादनाबरोबर हलत नाही. म्हणून मी एलएम ३८६ ही चिप वापरतो. शांत असताना ती सुमारे ४ मिलिअँपिअर घेते. तिच्या आउटपुटला कपॅसिटरमधून ४७ ओहमचा भार द्यावा. भाराशिवाय प्रवाह फारसा वाढत नाही. बॅटरी आणि चिप यांच्यामध्ये १०० ओहमचा रेझिस्टर ठेवला, तर ४ मिलिअँपिअरला ०.४ व्होल्टची घट होते, २५ मिलिअँपिअरला २.५ व्होल्टची. चिपच्या पुरवठ्याला ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला की व्होल्टेजचे उतरणे-सावरणे सुमारे ०.०५ सेकंदाच्या चालीने होते. कपॅसिटर मोठा घेतला तर सूर आणखी सावकाश सावरतो. बोटांचा जोर असा थेट पुरवठ्यापर्यंत पोचला, तरच पेडल हाताला उत्तर देते.