मूळ संख्यांमधली मोकळी जागा

११३ ही मूळ संख्या. पुढची थेट १२७; मधल्या तेराही संख्यांना कोणी ना कोणी भागतंच. अशी मोकळी जागा हवी तेवढी लांबवता येते. १ ते १०१ यांचा गुणाकार करा, त्यात २, मग ३, असं करत १०१ पर्यंत मिळवत जा: सलग शंभर संयुक्त संख्या हाती!

उलटा प्रश्न मात्र चिवट. ११-१३, १७-१९ अशा जोडमूळ संख्या अनंत आहेत का? सिद्धता नाही. २०१३ मध्ये यितांग झांग यांनी दाखवलं, की ७ कोटींहून कमी अंतराच्या मूळ संख्यांच्या जोड्या अनंत आहेत. आकडा ऐकून हसू येईल. पण त्याआधी कुठलीच मर्यादा सिद्ध नव्हती. वर्षभरात जेम्स मेनार्ड, टेरेन्स ताओ आदींनी ती २४६ वर आणली. तिथून २ पर्यंतचं घोडं अजून अडलेलंच आहे.