डब्बे गायब, गोंडी हजर!

प्रेझेंटेशनमधला फॉन्ट बदलायला आपल्याला किती वेळ लागतो? दोन क्लिक! पण तुमच्या भाषेची लिपी त्या लिस्टमध्येच नसेल तर?

मैत्रिणीच्या लग्नपत्रिकेसाठी आम्ही चंद्रपूरच्या एका प्रेसमध्ये गेलो होतो. पत्रिका मराठीत, पण एक ओळ तिला गोंडीत हवी होती, तीही मसराम लिपीत. फाइल उघडली, तर ओळीच्या जागी नुसते रिकामे चौकोन. ऑपरेटरदादा म्हणाले, "मॅडम, हे तं डब्बेच येऊन राहिले!"

या डब्ब्यांमागे मोठी स्टोरी आहे. बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी ही लिपी १९१८ मध्ये घडवली. कम्प्युटरच्या दुनियेत तिला जागा मिळाली थेट २०१७ मध्ये, म्हणजे ९९ वर्षांनी! युनिकोडने तिच्या ७५ चिन्हांना स्वतःचे नंबर दिले. पुढच्याच वर्षी आदिलाबादकडच्या गुंजाला गोंडी लिपीचाही नंबर लागला.

नंबर मिळाला, तरी अक्षराचा चेहरा फॉन्टच देतो. तो प्रेसच्या मशीनवर नव्हता, म्हणून डब्बे. टेकी मंडळी त्यांना 'टोफू' म्हणतात. गूगलच्या 'नोटो' फॉन्टचं नावही त्यावरूनच आलंय... नो टोफू!

मग रात्री लॅपटॉप उघडला. 'नोटो सॅन्स मसराम गोंडी' फुकटात उतरवला. मजकूर जुळवायला घेतलं 'झीलाटेक'. त्यात 'फॉन्टस्पेक' पॅकेजला दोन गोष्टी सांगायच्या. एक, मुख्य फॉन्ट देवनागरी, भाषा मराठी. म्हणजे फॉन्टमध्ये सोय असेल तर 'ल' आणि 'श' आपल्या वळणाचे येतात. दोन, गोंडीसाठी वेगळी फॉन्ट फॅमिली. तिला एक नाव द्यायचं आणि हवं तिथे हाक मारायची. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बसतो, त्यामुळे प्रेसवाल्याला काही टाकावं लागत नाही.

एवढा खटाटोप कशाला? २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे २९ लाख ८४ हजार होते. तरी आपल्याकडे गोंडी लिहिली जाते ती बहुतेक देवनागरीतच. गडचिरोलीतल्या मोहगावच्या ग्रामसभेने तर २०१९ मध्ये स्वतःची गोंडी शाळा सुरू केली. अशा शाळेला उद्या पुस्तकं छापायची असतील, तर सुरुवात इथूनच होणार ना?

पत्रिका छापून आली. आजोबांना मसराम लिपी वाचता येत नव्हती. नातीने ओळीवर बोट ठेवून वाचून दाखवली. आजोबा म्हणाले, "पुन्हा वाच."