दहा मोटारी, एक मीटर

उज्जैनच्या फ्रीगंजमधली खाली दुकाने, वर बिऱ्हाडे अशी एखादी इमारत डोळ्यांसमोर आणा. समजा, तिथे दहा विजेच्या मोटारी आल्या. रात्री आठला सगळ्यांनी ३.३ किलोवॉटचे चार्जर लावले, तर भार एकदम ३३ किलोवॉटने वाढेल. तोही वर एसी आणि खाली दुकानांचे दिवे चालू असताना.

पण रोज चाळीस किलोमीटर धावणाऱ्या मोटारीला लागतात साधारण ६ युनिट. दहा मोटारींचे ६० युनिट सकाळी सहापर्यंत वाटून दिले, तर सरासरी भार जेमतेम ६ किलोवॉट. केंद्राच्या आदर्श बांधकाम नियमावलीतली २०१९ ची दुरुस्ती मात्र सगळे चार्जर एकदम चालतील असे धरून वर सव्वापट क्षमता मागते. म्हणजे ४१ किलोवॉट! एवढी जाड केबल बहुतेक वेळ रिकामीच पडून राहणार.

वाटणीचे तंत्र जुनेच आहे. मुख्य केबलवरचा सेन्सर प्रवाह मोजतो, नियंत्रक उरलेली क्षमता चार्जरांत वाटतो. पुढचा भाग गमतीचा. टाइप-२ चार्जरच्या एका बारीक तारेतून गाडीकडे सेकंदाला हजार स्पंद जातात. स्पंद १० टक्के वेळ चालू असेल तर गाडीने ६ अँपिअरपर्यंतच घ्यायचे, ५० टक्के असेल तर ३०. कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकच्या पार्किंगमध्ये २०१६ पासून असे वाटप चालते. भिंतीतल्या साध्या सॉकेटला फक्त चालू-बंद कळते.

दुपारचा विचार तर कोणी करतच नाही. प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची, उज्जैन ७५.८ वर, त्यामुळे इथे सूर्य माथ्यावर येतो तो सरासरी १२ वाजून २७ मिनिटांनी. गच्चीवरची सौर पॅनेल तेव्हा भरात असतात आणि दुकानदारांच्या स्कूटर खालीच उभ्या असतात. २०२३ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे सौर तासांतला दरही किमान २० टक्के कमी ठेवायचा आहे.

२०२४ पासून चार्जिंगसाठी स्वतंत्र वीजजोडणी घेता येते. सोय चांगली, पण ती घेण्याआधी इलेक्ट्रिशियनसोबत बसावे. मीटर वेगळा झाला, की मुख्य केबलवरच्या सेन्सरला चार्जर दिसत नाहीत आणि गच्चीवरची वीजही त्यांच्यापर्यंत थेट पोहोचत नाही.