आडातले वॅट आणि पोहऱ्यातले वॅट

गाण्याचा शौकीन माणूस अँप्लिफायर घ्यायला दुकानात गेला, की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : 'किती वॅटचा?' दुकानदार दोन पत्रके पुढे टाकतो. एकावर 100 वॅट छापलेले असतात, दुसऱ्यावर 60. आणि किंमत मात्र 60 वॅटवाल्याची अधिक! गिऱ्हाइकाला वाटते, हा आपल्याला फसवण्याचा डाव आहे. पुष्कळदा तसे नसते. फसगत असलीच तर ती 100 च्या आकड्यात असते.

नंदुरबारच्या माणसाला हे समजावून सांगायला फार लांब जावे लागत नाही. ओली लाल मिरची बाजारात येते, पथारीवर वाळते आणि मग सुकी म्हणून विकली जाते. एकाने ओल्या मिरचीचे वजन सांगितले आणि दुसऱ्याने सुक्या मिरचीचे, तर ते दोन आकडे शेजारी मांडून आपण भाव ठरवू काय? वॅटांचे नेमके असेच आहे. आकडा कोणत्या स्थितीत मोजला, हे कळल्यावाचून त्याला अर्थ नाही.

थोडा हिशेब करू. स्पीकरचा रोध 8 ओहम आहे आणि अँप्लिफायर त्याला 20 व्होल्ट देत आहे. व्होल्टांचा वर्ग 400. त्याला 8 ने भागले की 50 वॅट. ही झाली अखंड मिळणारी सरासरी शक्ती. पत्रकात हिलाच 'आरएमएस वॅट' म्हणतात. शास्त्रदृष्ट्या आरएमएस हे विशेषण व्होल्टांचे, वॅटांचे नव्हे. पण ते असो. आता याच लहरीचे शिखर सुमारे 28 व्होल्टांवर जाते. त्या शिखरापाशी हिशेब केला तर 100 वॅट येतात. यंत्र तेच, स्पीकर तोच, आकडा दुप्पट! 'पीएमपीओ' नावाच्या आकड्याला तर एवढाही आधार नाही. तो काढण्याची सर्वमान्य रीतच नाही.

आकडा फुगवण्याच्या आणखीही वाटा आहेत. 8 ओहमांऐवजी 4 किंवा 6 ओहमांवर मोजावे. डावी-उजवी दोन्ही बाजू न चालवता एकच चालवावी. खर्जापासून तारापर्यंतच्या सगळ्या स्वरांऐवजी 1,000 हर्ट्झचा एकच सोपा स्वर घ्यावा. आणि आवाज 10 टक्के बिघडेपर्यंत यंत्र ताणावे. अमेरिकेत या आकड्यांचा इतका गोंधळ माजला, की 1974 साली तेथील फेडरल ट्रेड कमिशनला नियम करावा लागला. 2024 साली तो अधिक कडक झाला : रोध 8 ओहम, स्वर 20 ते 20,000 हर्ट्झ, विकृती 1 टक्क्याहून कमी. आपल्या पत्रकात या गोष्टी लिहिल्या आहेत का, तेवढे पाहावे. 60 वॅटवाल्याने बहुधा त्या लिहिलेल्या असतात.

पत्रक नसेल तर यंत्राची पाठ पाहावी. माझ्या एका स्नेह्यांच्या खोक्यावर 1,000 वॅट असे ठळक छापले होते आणि त्याला वीज पुरवणाऱ्या अडॅप्टरवर 12 व्होल्ट, 2 अँपिअर. गुणाकार 24 वॅट! आत साठलेली वीज निमिषभर थोडी जास्त देईल. पण आडात नाही ते पोहऱ्यात सतत कोठून येणार?

आता, घराला वॅट लागतात तरी किती? येथे आपला कान मोठा विचित्र वागतो. शक्ती दुप्पट केली की आवाज फक्त 3 डेसिबेलने वाढतो. कानाला तो दुप्पट वाटायला शक्ती सुमारे दसपट लागते. 50 आणि 60 वॅटांतला फरक तर 1 डेसिबेलही नाही, तो बहुतेकांच्या ध्यानातही यायचा नाही. उलट, स्पीकरच्या पत्रकात एका वॅटला एका मीटरवर किती डेसिबेल, हा आकडा असतो. तो 86 ऐवजी 92 असेल, तर 50 वॅट 200 वॅटांचे काम करतात. म्हणून आधी स्पीकर निवडावा, मग अँप्लिफायर. लोक बरोबर उलटे करतात.

बैठकीच्या खोलीत नेहमीच्या ऐकण्याला एखादा वॅटही पुरतो. मग 50 कशाला? आलापीसाठी नव्हे, तबल्याच्या थापेसाठी. ती थाप सरासरीच्या 10 ते 20 डेसिबेल वर उसळते, म्हणजे त्या क्षणी दसपट ते शंभरपट शक्ती मागते. ती नसली, तर लहरीचे शिखर छाटले जाते आणि थाप फुटक्या डब्यासारखी वाजते.

मी स्वतः ही चूक केली आहे. 'यंत्र लहान, स्पीकर मोठा, मग भय कसले?' अशा समजुतीने एका समारंभात बटण शेवटपर्यंत फिरवले. छाटलेल्या लहरीत मुळात नसलेले तीव्र स्वर निर्माण होतात आणि ते सगळे स्पीकरच्या पेटीतल्या लहान, नाजूक ट्वीटरच्या वाट्याला जातात. तासाभरात दोन्ही ट्वीटर जळाले. दुरुस्तीवाल्याने ते उघडून केसासारखी काळी पडलेली तार दाखवली आणि विचारले, 'अँप्लिफायर किती वॅटचा होता?' मी अभिमानाने खोक्यावरचा आकडा सांगितला. तो हसला नाही, एवढीच त्याची सभ्यता.